परंगिमलै ते फुलचरी

चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावरून तांबरमकडे जाणाऱ्या लोकलगाडीत बसले, की गिंडीनंतर एक लहानसे स्थानक लागते. इंग्रजीत त्याचे नाव 'सेंट थॉमस माउंट'. ख्रिस्ताचा शिष्य संत थॉमस याने येथील टेकडीवर देह ठेवला, अशी परंपरागत श्रद्धा आहे, आणि 1523 साली पोर्तुगीजांनी या टेकडीच्या माथ्यावर एक चर्च उभारले. इंग्रजी नाव त्या श्रद्धेला धरून आले. तमिळ नाव मात्र अगदी निराळे आहे. स्थानकावरच्या पाटीवर तमिळ अक्षरांत 'परंगिमलै' असे लिहिलेले असते. मलै म्हणजे डोंगर. राहिला परंगि. हा परंगि कोण?

चेन्नईत नव्याने आलेल्या मराठी माणसाला हा शब्द परका वाटतो. मलाही तो प्रथम परकाच वाटला. एके दिवशी गाडीत शेजारी बसलेल्या एका वृद्ध तमिळ गृहस्थांना मी त्याचा अर्थ विचारला. ते म्हणाले, "परंगि म्हणजे गोरा परदेशी. आम्ही लाल भोपळ्यालाही परंगिक्काय म्हणतो. तोही बाहेरूनच आला ना!" त्यांच्या या उत्तरासरशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तमिळ भाषेत 'फ' हा ध्वनी मुळात नाही. परक्या शब्दातला 'फ' तमिळ तोंडी आला की त्याचा 'प' होतो. तेव्हा परंगि म्हणजे दुसरे कोणी नसून आपला फिरंगीच होय. ज्याच्या नावाची तलवार मराठी वीरांच्या कमरेला लटकत असे, ज्याच्या ताब्यातील वसईच्या मुलखाला आपले पूर्वज फिरंगाण म्हणत, तोच हा गृहस्थ पूर्व किनाऱ्यावर परंगि होऊन बसला आहे. चेन्नईच्या दक्षिणेस, किनाऱ्यावरच, ज्या गावाला पोर्तुगीजांनी 'पोर्तो नोवो' म्हटले, त्याचेही तमिळ नाव परंगिप्पेट्टै असेच आहे.

हा शब्द मुळात फ्रेंचांचा आहे, म्हणजे ज्या फ्रँक लोकांवरून फ्रान्स देशाला त्याचे नाव मिळाले, त्या लोकांचा आहे. धर्मयुद्धांच्या काळात पश्चिमेकडून चालून आलेल्या सर्वच ख्रिस्ती सैन्यांना अरबांनी फ्रँकांच्या नावावरून 'इफरंज' म्हटले. अरबीतून तो शब्द फारसीत गेला आणि फारसीतून हिंदुस्थानच्या भाषांत उतरला. पुढे पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले, तेव्हा फ्रँकांशी त्यांचा काही संबंध नसूनही त्यांना ते तयार नाव चिकटले. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात परदेशातून आलेल्या एका रोगालाही 'फिरंगरोग' असे नाव दिलेले आढळते. मग खरे फ्रेंच जेव्हा सतराव्या शतकात येथे आले, तेव्हा मोठी पंचाईत झाली; कारण त्यांचे नाव आधीच दुसऱ्याने घेतलेले होते! मराठी कागदपत्रांनी त्यावर तोडगा काढला. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक, आणि फ्रेंच ते फरासीस. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांचे हे सारे प्रकार वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले आहेत. एकाच मुळापासून निघालेले फिरंगी आणि फरासीस हे दोन शब्द मराठीत दोन भिन्न राष्ट्रांचे वाचक झाले. त्यांपैकी फिरंगी अरबांच्या वाटेने फिरून आला होता.

परंगिमलैने मला एक गोष्ट शिकवली. परक्या नावाचा आपल्याकडे जो उच्चार होतो, त्याला आपण सहज अपभ्रंश म्हणून मोकळे होतो; पण तो नुसता जिभेचा आळस नसतो. ते नाव कोणी आणले, कोणत्या वाटेने आणले आणि कोणाच्या कानांनी ते ऐकले, याची ती नोंद असते. दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. मग हजारो कोसांवरून आलेली नावे न बदलता कशी राहतील? हा बदल मला तरी तीन कारणांनी झालेला दिसतो. पहिले कारण जिभेचे. ते परंगिमलैच्या टेकडीवर आपण पाहिले. दुसरे कारण लेखणीचे, आणि तिसरे मनाचे.

लेखणीचा पराक्रम पाहावयाचा तर चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या पुदुच्चेरीकडे वळले पाहिजे. या शहराचा जन्मही एका अर्थाने चेन्नईतच झाला. आज चेन्नईचा एक भाग असलेले सांतोम हे ठाणे फ्रेंच आरमाराने 1672 साली घेतले; परंतु गोवळकोंड्याचे सैन्य आणि डच यांच्यापुढे त्यांना ते टिकवता आले नाही आणि 1674 मध्ये ते सोडावे लागले. तेथून हटलेल्या फ्रेंचांना फ्रांस्वा मार्तँ याने ज्या किनारी खेड्यात स्थिर केले, ते पुदुच्चेरी. पुदु म्हणजे नवे आणि चेरी म्हणजे वस्ती. साधी 'नवी वाडी'. फ्रेंच भाषेत 'उ' हा उच्चार दाखवण्यासाठी 'ओ' आणि 'यू' ही दोन अक्षरे जोडून लिहावी लागतात. त्याप्रमाणे या नावाचे पहिले अक्षर लिहिले गेले. पण हाताने लिहिलेले रोमन 'यू' आणि 'एन' हे दिसायला जवळजवळ सारखेच. कोणा नकलनविसाने 'यू'चा 'एन' वाचला आणि 'पुदि'चे 'पोंदि' झाले, असे मानले जाते. नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या आख्यायिकेतला 'ध'चा 'मा' आपल्याला ठाऊक आहेच. हा 'यू'चा 'एन' त्याचाच सौम्य भाऊ. आणि योगायोग असा, की नारायणरावांवर चालून गेलेल्या 'गारदी' शिपायांचे नावही फ्रेंच 'गार्द' किंवा पोर्तुगीज 'ग्वार्दा' या शब्दावरूनच आलेले आहे.

लेखणीचा खेळ एवढ्यावर थांबला नाही. फ्रेंच माणूस रोमन 'सीएच' या जोडाक्षराचा उच्चार 'श' असा करतो, म्हणून त्याच्या तोंडी हे शहर 'पोंदिशेरी' झाले. इंग्रजाने तेच अक्षर पाहून 'च' म्हटले आणि फ्रेंचांनी घालवलेला मूळचा 'च' नकळत परत आणला. मात्र जाता जाता त्याने 'द'चा 'ड' केला. कारण इंग्रजांची 'डी' आपल्या कानांना मूर्धन्य वाटते. आपण मराठी माणसे ज्या रूपाला वर्षानुवर्षे फ्रेंच नाव समजत आलो, त्या 'पाँडिचेरी'ची फोड केली तर त्यातला अनुनासिक नकलनविसाचा, 'ड' इंग्रजांचा, 'च' पुन्हा इंग्रजांच्या वाचनाचा आणि उरलेले तमिळांचे! फ्रेंच माणसाला त्यात त्याचा स्वतःचा म्हणावा असा उच्चार क्वचितच सापडेल.

ज्या सांतोमचा वर उल्लेख केला, त्याची गंमतही याच जातीची आहे. मूळ पोर्तुगीज नाव 'सांव तोमे', म्हणजे संत थॉमस. त्यातील शेवटच्या 'ए'वर एक तिरकी रेघ असे आणि तो स्वर स्पष्ट उच्चारावा, असे ती रेघ सांगत असे. रेघ गळून पडली तशी इंग्रजी धाटणीने वाचणाऱ्यांना तो 'ए' मुका वाटू लागला. आज तमिळमध्ये हे नाव 'सांतोम' असेच लिहितात व बोलतात. पुस्तके वाचून शहाणा झालेला मी एकदा रिक्षावाल्याला 'सांतोमे' असे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. शेवटी मी समुद्राच्या दिशेने हात केला, तेव्हा तो हसून म्हणाला, "ओ, सांतोम!" माझा उच्चार पोर्तुगीजांना पसंत पडला असता, परंतु मला जायचे होते चेन्नईतल्या सांतोमला.

याच्या उलट प्रकार मलबार किनाऱ्यावर दिसतो. तेथील फ्रेंच वसाहतीचे मल्याळी नाव मय्यळी. त्यातला शेवटचा 'ळ' हा 'तमिळ' या शब्दातल्यासारखा, आपल्या लिपीत नेमका न सापडणारा. फ्रेंचांनी त्याला 'माहे' म्हटले. काहींच्या मते ते मय्यळीचेच फ्रेंच रूप. काही म्हणतात, 1725 च्या मोहिमेत पराक्रम करणाऱ्या माहे द ला बूर्दोने या अधिकाऱ्याचे ते नाव. फ्रेंच भाषेत 'ह' मुका असतो, म्हणून फ्रेंच माणूस म्हणतो 'माए'. इंग्रजी लिपीतून वाचणारे आपण म्हणतो 'माहे', आणि सरकारी पत्रांतल्या 'माहे जानेवारी'ची आठवण होऊन ते नाव आपल्याला घरचेच वाटू लागते.

हा ला बूर्दोने आपल्याला आणखी एका दूरच्या, पण मराठी माणसाच्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी घेऊन जातो. तो मॉरिशसचा गव्हर्नर होता. तेथील पोर्ट लुई हे बंदर त्यानेच नावारूपाला आणले आणि तेथूनच आरमार घेऊन येऊन त्याने 1746 च्या सप्टेंबरात मद्रासचा सेंट जॉर्ज किल्ला काबीज केला. 1749 साली तहाप्रमाणे तो इंग्रजांना परत मिळेपर्यंत, सुमारे तीन वर्षे, मद्रासवर फ्रेंच निशाण होते. पण चेन्नईच्या नकाशावर त्या तीन वर्षांची खूण सहजासहजी सापडत नाही. मॉरिशसमध्ये मात्र त्याच्या नावाचे गावच आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून त्या बेटावर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज तेथे क्रिओल बोलतात, गणेशोत्सव करतात आणि ती फ्रेंच नावे फ्रेंचांच्याच धाटणीने उच्चारतात. भारतातला मराठी वाचक नकाशावर जे 'माहेबर्ग' किंवा 'पोर्ट लुईस' असे वाचतो, ते तेथील मराठी माणसाच्या तोंडी 'माएबूर' आणि 'पोर लुई' असते. दोघेही मराठीच. एकाने ते नाव इंग्रजी पुस्तकातून घेतले, दुसऱ्याने ते शेजाऱ्याच्या तोंडून ऐकले. उच्चारातला फरक एवढ्यावरूनच पडला.

आता तिसरे कारण, मनाचे. माणसाच्या मनाला निरर्थक ध्वनी सहन होत नाही. परके नाव ऐकले की ते त्यात आपल्या ओळखीचा अर्थ शोधू लागते. जुन्या फारसी आणि मराठी पत्रव्यवहारात पुदुच्चेरीला 'फुलचरी', 'फुलचेरी' अशी रूपे दिलेली आढळतात. तमिळ 'पुदु' ज्यांना कळत नव्हते, त्यांना त्यात 'फूल' ऐकू आले, असेच म्हटले पाहिजे. या वाटेने 'प'चा 'फ' झाला. परंगिमलैवर जे घडले त्याच्या नेमके उलट! फ्रेंच सरदारांच्या नावांमागे लागणारी 'मुस्यू' ही पदवीही अशीच बदलली. तिचे 'मुसा' झाले, आणि दख्खनच्या राजकारणात गाजलेला बुसी मराठी पत्रांतून 'मुसा बुसी' म्हणून वावरू लागला. मुसा हे नाव लोकांच्या परिचयाचे होते. ज्यू, ख्रिस्ती व मुसलमान ज्या प्रेषिताला मानतात, त्याचे ते अरबी नाव.

या मुसाने एका वस्तीलाही नाव दिले आहे. हैदराबादेत मुसारामबाग म्हणून एक भाग आहे. ती मुसी नदीजवळ असल्याने नवख्याला वाटते, की नाव नदीवरून पडले असावे. किंवा मुसाराम नावाचा कोणी सावकार होऊन गेला असावा. वस्तुतः हा मुसाराम म्हणजे निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमाँ. 1795 साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध निजामाची जी कवायती पलटणे उभी होती, ती याचीच. आणि समोर शिंद्यांच्या बाजूने लढणाऱ्या पलटणांचा सरदार पेराँ हाही फ्रेंचच होता. रेमाँ 1798 मध्ये वारला. तो हैदराबादच्या प्रजेला इतका प्रिय होता, की हिंदू त्याला मुसाराम म्हणत आणि मुसलमान मुसा रहीम म्हणत, असे सांगतात. एकाच फ्रेंच नावात एकाला राम ऐकू आला आणि दुसऱ्याला रहीम. कोणाचा उच्चार शुद्ध होता, हा प्रश्न येथे विचारण्यातही अर्थ नाही.

अर्थ शोधण्याचा हा छंद कोठवर जातो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण चेन्नईतच आहे. ते फ्रेंच नसले तरी सांगण्याजोगे आहे. मैलापूरकडच्या एका पुलाला हॅमिल्टन या इंग्रजी आडनावावरून नाव दिले होते. तमिळ तोंडांनी त्याचे 'अंबट्टन' केले. तमिळमध्ये अंबट्टन म्हणजे नाभिक. पुढे कोणा इंग्रजाने त्या तमिळ नावाचे प्रामाणिकपणे भाषांतर केले आणि पूल 'बार्बर्स ब्रिज' झाला! आज तो डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखला जातो.

दुसऱ्यांच्या या गमती सांगताना आपण मराठी माणसे नामानिराळे राहू शकत नाही. शिवाजी महाराजांनी 1677 साली जो किल्ला घेतला आणि राजाराम महाराजांनी 1698 पर्यंत ज्याच्या आश्रयाने मराठी राज्य जिवंत ठेवले, त्याचे तमिळ नाव सेंजी. इंग्रज व फ्रेंच यांनी त्याचे 'जिंजी' केले, तर आपल्या बखरकारांनी 'चंदी'. तंजावरला आपण 'चंदावर' म्हटले आणि मद्रासला 'चेनापट्टण'. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातून 1739 साली फ्रेंचांकडे गेलेले कारैक्काल फ्रेंच लेखणीने 'कारिकाल' केले. तेच रूप इंग्रजी नकाशांत गेले. प्रत्येकाने परके नाव आपल्या घरच्या मापाने बेतून घेतले. त्यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता.

मग खरा उच्चार कोणता? हा प्रश्न नुसता पंडितांच्या वादाचा नाही. नभोवाणीवरून बातम्या सांगणाऱ्याला, शाळेत भूगोल शिकवणाऱ्याला आणि जुनी पत्रे संपादणाऱ्याला तो रोज भेटतो. 1995 मध्ये मुंबईने, 1996 मध्ये चेन्नईने आणि 2006 मध्ये पुदुच्चेरीने आपापली नावे सरकार दरबारी स्वतःच्या भाषेत नोंदवून घेतली. आपल्या मुंबईला कोणी 'बाँबे' म्हटले की आपल्याला खटकते. पण तोच मराठी प्रवासी चेन्नईत येऊन तिरुवल्लिक्केणीला 'ट्रिप्लिकेन' आणि एळुंबूरला 'एग्मोर' म्हणतो, आणि समोरच्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. जो मान आपण आपल्या गावासाठी मागतो, तो दुसऱ्याच्या गावाला द्यावयास आपण बांधलेले आहोत.

म्हणून माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. गाव जिवंत आहे, तेथे माणसे राहतात. तेव्हा आज बोलताना त्यांच्या तोंडचे नाव आधी ऐकावे आणि आपल्या जिभेला जमेल तितके जवळ जावे. पुदुच्चेरीला पुदुच्चेरी म्हणावे, सांतोमला सांतोम म्हणावे, आणि पोर लुईच्या मराठी माणसाशी बोलताना पोर लुई म्हणावे. परंतु जुना कागद हाती आला की हा नियम बाजूला ठेवावा. तेथे 'फुलचरी' असेल तर ती 'सुधारून' पुदुच्चेरी करू नये. 'मुसा बुसी' असेल तर त्याचा मुस्यू द बुसी करू नये. फार तर खाली टीप द्यावी. पत्रलेखकाने ते नाव कोणाकडून ऐकले, फारसी मुनशीकडून की तमिळ दुभाष्याकडून, याचा माग त्या एका अक्षरातच असतो. आपण ते शुद्ध केले की साक्षीदार मुका होतो, आणि पुढच्या अभ्यासकाला आपण काय हरवले हेही कळत नाही. मुसारामबागेचे नाव कोणी उद्या व्याकरणशुद्ध फ्रेंचमध्ये लिहिले, तर रेमाँचे नाव तेवढे राहील. ज्या लोकांनी त्याला आपला मानून राम किंवा रहीम केले, त्यांची आठवण मात्र पुसली जाईल.

परवा पुन्हा त्या लोकलने जाण्याचा योग आला. गिंडी मागे पडली आणि डब्यातल्या एका लहान मुलीने पाटीवरची अक्षरे एकेक जुळवून मोठ्याने वाचली, "प-रं-गि-म-लै." तिच्या आईने मान डोलावली आणि दोघी उतरायला उठल्या. फ्रँक कोण, अरब कोण, पोर्तुगीज केव्हा आले, यांपैकी काही त्या मुलीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिच्या दृष्टीने ते तिचे घर जवळ आल्याचे नाव होते, आणि तिने ते अगदी बरोबर उच्चारले होते.